सेवाधिष्ठित प्रणालींतील सीमारेषा : त्या कोठे आखाव्यात व का

मोठ्या संगणकप्रणालीचे भाग पाडल्यावाचून ती बांधता येत नाही, हे सर्वमान्य आहे. वाद आहे तो भाग कोणत्या निकषावर पाडावेत याविषयी. सर्व भाग एकाच यंत्राच्या स्मृतीत नांदत होते तोवर चुकीचा छेद हा गैरसोयीचा, पण सुधारता येण्यासारखा दोष होता. सेवाधिष्ठित रचनेत मात्र प्रत्येक भाग स्वतंत्र सेवा म्हणून वेगळ्या यंत्रावर चालतो, स्वतःची माहिती स्वतःजवळ ठेवतो आणि इतरांशी केवळ संदेशांच्या द्वारे बोलतो. येथे एकदा पडलेला छेद सांधणे अतिशय कष्टाचे होते. अॅमेझॉनने 2006 साली प्रथम साठवणुकीची व नंतर संगणनाची सोय भाड्याने देऊ केली, तेव्हापासून नवी सेवा उभी करणे ही काही मिनिटांची गोष्ट झाली आहे. छेद घेणे सोपे झाले, तो योग्य ठिकाणी घेणे मात्र पूर्वीइतकेच अवघड राहिले. प्रस्तुत लेखात या निकषांचाच विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ विवेचन डेव्हिड पार्नास यांच्या 1972 सालच्या निबंधात सापडते. त्यांनी घेतलेले उदाहरण अगदी लहान आहे. दिलेल्या प्रत्येक ओळीतील शब्द चक्राकार फिरवून होणाऱ्या सर्व ओळी तयार करावयाच्या आणि त्या वर्णानुक्रमे लावून सूची छापावयाची. या कामाचे भाग त्यांनी दोन रीतींनी पाडून दाखविले. पहिल्या रीतीत कामाच्या पायऱ्या हेच भाग होतात : वाचणे, फिरविणे, क्रम लावणे, छापणे. ही रीत स्वाभाविक वाटते; परंतु ओळी स्मृतीत कशा साठवावयाच्या हे ठरविण्यात बदल झाला, तर जवळजवळ प्रत्येक भाग उघडावा लागतो, कारण तो निर्णय सर्वांनाच ठाऊक असतो. दुसऱ्या रीतीत जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एकेका भागाच्या पोटात लपविला जातो. मग बदल त्या भागाबाहेर पडत नाही. पार्नास यांचा निष्कर्ष असा की, कामाच्या प्रवाहाचा आलेख काढून त्यावरून भाग पाडण्यास आरंभ करणे बहुधा चुकीचे असते.

अर्धशतक लोटले, तरी आपल्याकडील पुष्कळशा प्रणाली अजूनही पायऱ्यांवरूनच छेदल्या जातात. समजा, एखाद्या विद्यापीठाच्या प्रवेशाचे काम सेवांमध्ये विभागावयाचे आहे. कचेरीतील खिडक्या डोळ्यांसमोर ठेवून कोणीही सहज म्हणेल की, अर्ज, कागदपत्रांची छाननी, गुणवत्ता यादी, जागावाटप व शुल्क अशा पाच सेवा कराव्यात. आता राखीव जागांविषयीचा एक नियम बदलला असे मानू. अर्जात नवे प्रमाणपत्र मागावे लागेल, छाननीत ते तपासावे लागेल, यादीत व वाटपात त्याचा हिशेब धरावा लागेल आणि शुल्कात सवलत द्यावी लागेल. एका नियमापायी पाचही सेवा बदलावयाच्या, पाचही एकाच रात्री नव्याने चालू करावयाच्या. यांना स्वतंत्र म्हणण्यात नावापलीकडे अर्थ उरत नाही. याउलट आरक्षणाचे व सवलतींचे नियम एकाच सेवेच्या ताब्यात दिले आणि इतरांनी तिला फक्त ‘हा अर्जदार कोणत्या वर्गात पात्र आहे, कोणती कागदपत्रे हवीत व शुल्क किती’ एवढे विचारावयाचे ठरविले, तर बदलाचा बराचसा भार त्या एकाच ठिकाणी येतो.

तथापि पार्नास यांचा निकष सेवांच्या बाबतीत पुरा पडत नाही; कारण त्यांच्या भागांमध्ये जाळे नव्हते. एका भागाने दुसऱ्याला हाक मारली की उत्तर येणारच, हे तेथे गृहीत धरता येत होते. म्हणून दुसरा निकष जोडावा लागतो : जी विधाने क्षणभरही असत्य होऊन चालणार नाहीत, त्यांच्याशी संबंधित माहिती एकाच सेवेत असावी. साठ जागांवर एकसष्टावा प्रवेश होऊ नये, हे असे विधान आहे. तेव्हा उरलेल्या जागांची संख्या आणि जागा बहाल करण्याचा निर्णय यांच्यामधून सीमारेषा जाऊ देता कामा नये. शुल्काची गोष्ट निराळी आहे. जागा मिळाली व शुल्क अद्याप जमा दिसत नाही, ही स्थिती काही तास चालू शकते; मुदत संपली तर जागा परत घेता येते, आणि शुल्क चुकून घेतले गेले असेल तर परत करता येते. असे प्रतिकार्य करून मागे येण्याची पद्धत गार्सिया-मोलिना व सेलम यांनी 1987 साली ‘सागा’ या नावाने मांडली. त्यांच्यासमोर प्रामुख्याने दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांचा प्रश्न होता; सेवाधिष्ठित रचनेने ती कल्पना पुढे आपलीशी केली. येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रत्येक कार्याला प्रतिकार्य असतेच असे नाही. शुल्क परत करता येते, पण ‘आपला प्रवेश निश्चित झाला’ हा विद्यार्थ्याला गेलेला संदेश परत घेता येत नाही. अशी कार्ये क्रमाने शेवटी ठेवणे हाच मार्ग आहे.

जाळ्याचा खरा त्रास मंदगतीचा नसून अनिश्चिततेचा आहे. पाठविलेल्या पत्राची पोच आली नाही, तर पत्र पोहोचले नाही की पोच हरवली, हे पाठविणाराला कळत नाही. सेवांची स्थिती नेमकी हीच असते. शुल्कसेवेकडून उत्तर आले नाही म्हणून विनंती पुन्हा पाठविली, तर विद्यार्थ्याचे पैसे दोनदा कापले जाण्याचा धोका. न पाठविली, तर प्रवेश बुडण्याचा धोका. यावर उपाय असा की, विनंती करणाराने प्रत्येक विनंतीला स्वतःचा एक क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची विनंती पुन्हा आल्यास शुल्कसेवेने नवे काम न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे. हा नियम मागाहून जोडणे फार जड जाते, म्हणून तो सेवेच्या करारातच लिहिलेला असावा.

पुन्हा पाठविण्यालाही मर्यादा हवी. तीन थर एकावर एक असून प्रत्येक थर अपयश आल्यास एकूण तीन प्रयत्न करीत असेल, तर तळाच्या आजारी सेवेवर एका मूळ विनंतीपोटी 27 विनंत्या आदळतात. म्हणजे जी सेवा भाराने वाकली आहे तिच्यावरच आपण भार वाढवितो. प्रयत्नांचा अधिकार एकाच थराला द्यावा, दोन प्रयत्नांमधील अंतर वाढवीत न्यावे व त्यात थोडी यदृच्छा मिसळावी, हे पथ्य या हिशेबातून निघते.

उपलब्धतेचा हिशेबही विद्यार्थ्यांनी कागदावर करून पाहण्यासारखा आहे. एखादी सेवा 99.9 टक्के वेळ चालू असते म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ती सुमारे 43 मिनिटे बंद असते. एका कामासाठी अशा पाच सेवा ओळीने लागत असतील व त्यांचे बिघाड परस्परांशी निगडित नसतील, तर ते काम 99.5 टक्के वेळच होऊ शकते; बंद राहण्याचा काळ साडेतीन तासांवर जातो. उलट दोन स्वतंत्र प्रती ठेवल्या, तर 99 टक्क्यांच्या सेवेपासून 99.99 टक्के मिळू शकतात. या दोन्ही गणितांत ‘स्वतंत्र’ हा शब्द सारे काम करतो, आणि व्यवहारात तोच बहुधा खोटा ठरतो.

याचे बोलके उदाहरण 28 फेब्रुवारी 2017 रोजी घडले. अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागातील एस-थ्री या साठवणसेवेत काही थोडे सर्व्हर काढून घेण्यासाठी दिलेल्या आज्ञेतील एक आकडा चुकला व अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. त्यांत वस्तूंची सूची ठेवणारी उपप्रणालीही सापडली. ती पूर्णपणे नव्याने सुरू करावी लागली. आणि मोठ्या विभागांत अशी पूर्ण सुरुवात कित्येक वर्षांत झालेली नसल्याने तिला अपेक्षेहून जास्त वेळ लागला. सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक काळ गेला. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सेवांची प्रकृती ग्राहकांना सांगणारा जो फलक होता, त्याची व्यवस्था पाहणारे साधन स्वतःच एस-थ्रीवर अवलंबून होते. त्यामुळे सुमारे दोन तास फलकावर खरी स्थिती नोंदविता येईना. आजाराची बातमी देणारा दूतच रोग्याच्या खाटेला बांधलेला होता. अवलंबनांचा नकाशा काढताना मुख्य सेवांबरोबर देखरेख, प्रवेशपरवाने व दुरुस्तीची साधने यांचेही बाण काढले पाहिजेत, हे येथे दिसून येते. त्यानंतर अॅमेझॉनने एका झटक्यात किती सर्व्हर काढता येतील यावर बंधन घातले व सूचीच्या उपप्रणालीचे लहान कप्पे करण्याचे काम पुढे ओढले.

मग सीमारेषा ठरविण्यास आरंभ कोठून करावा? पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेत बास, क्लेमेंट्स, कॅझमन प्रभृतींनी जी पद्धत वाढविली ती मला सर्वांत उपयुक्त वाटते. तिच्यात ‘प्रणाली वेगवान असावी’ अशा मोघम इच्छेला स्थान नाही. प्रत्येक अपेक्षा प्रसंगाच्या रूपात लिहावी लागते : चेतना कोणाकडून आली, कोणती, कोणत्या परिस्थितीत, प्रणालीच्या कोणत्या भागावर, भागाने काय करावे आणि ते केले हे कोणत्या मापाने ओळखावे. ‘यादी जाहीर झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत वीस हजार विद्यार्थी निकाल पाहतील; शंभरांतील नव्व्याण्णवांना दोन सेकंदांत उत्तर मिळावे; त्याच वेळी शुल्क भरणारांना अडथळा होऊ नये.’ एवढे लिहिताच निकाल दाखविणारी सेवा शुल्कापासून वेगळी काढावी लागणार, हे आपोआप उघड होते. तसेच, एखादा निर्णय एका गुणाला पोषक व दुसऱ्याला मारक असेल, तर तो तडजोडीचा बिंदू म्हणून वेगळा नोंदवून त्यावर चर्चा करावयाची असते. ज्या छेदामागे असा एकही प्रसंग दाखविता येत नाही, तो घेऊ नये असे माझे मत आहे.

छेद न घेण्याचाही लाभ असतो. प्राइम व्हिडिओच्या एका तुकडीने ध्वनिचित्रप्रवाहांतील दोष शोधणारे आपले साधन प्रथम वेगवेगळ्या क्लाउड-सेवा जोडून बांधले होते. प्रवाहातील चित्रे एका टप्प्यावर साठवावयाची व पुढच्याने तेथून उचलावयाची, शिवाय प्रत्येक टप्प्याच्या संक्रमणाला दाम मोजावयाचे, अशी ती रचना होती. 2023 साली त्या तुकडीने प्रसिद्ध केल्याप्रमाणे सर्व टप्पे एकाच प्रक्रियेत आणल्यावर त्या साधनाचा खर्च 90 टक्क्यांहून अधिक उतरला. यावरून सेवाधिष्ठित रचनाच निकामी ठरली, अशी हाकाटी काहींनी केली. ती उथळ होय. सीमारेषा जेथून सर्वाधिक माहिती वाहते नेमक्या तेथे पडली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. क्लाउडमध्ये दर हाकेची किंमत बिलात दिसते. ती आराखड्यावरच, बाणाशेजारी, दर दिवसाच्या आकड्यांत लिहून ठेवावी.

राहिला माणसांचा प्रश्न. मेल्विन कॉनवे यांनी 1968 साली दाखविले की, प्रणालीची घडण ती घडविणाऱ्या संस्थेतील संपर्काच्या घडणीसारखी होते. चार जणांच्या विभागाने बारा सेवा उभारल्या, तर एकेकाकडे तीन सेवा येतात, आणि एक जण रजेवर गेला की तीन सेवांना वाली उरत नाही. अशा ठिकाणी एकच आज्ञावली, पण आतून पार्नास यांच्या निकषाने नीट विभागलेली, ही रचना अधिक शहाणपणाची आहे. पुढे एखादा प्रसंग मागणी करील तेव्हा त्यातील एक भाग उचलून वेगळी सेवा करता येते. प्रबंधासाठी प्रणाली बांधणाऱ्या विद्यार्थ्यांनी आराखड्याबरोबर प्रत्येक सीमारेषेसाठी एक पानभर टिपण जोडावे : ती कोणत्या प्रसंगामुळे आखली, दुसरा कोणता पर्याय होता, तो का सोडला, आणि कोणते माप किती झाल्यास ही रेषा पुन्हा तपासावयाची.