थंड प्रदेशातील हिरवळ : खत कधी द्यावे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळा मोठा, वाढीचा हंगाम लहान. आपल्याकडील हरळी तिथल्या थंडीत तग धरत नाही. म्हणून केंटकी ब्लूग्रास, फाईन फेस्क्यू ही गवते लावतात. बर्फ वितळताच युरिया टाकण्याचा मोह अनेकांना होतो. हंगाम लहान असल्याने हे पटतेही, पण नुकसान तिथेच होते. पाने जोमाने वाढतात, त्यात मुळांतील साठविलेले अन्न खर्च होते आणि जुलैच्या उन्हात गवत थकते. मग पाणी वाढवावे लागते, कापणीही.

नत्राची मुख्य मात्रा ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्यापर्यंत द्यावी. हवा थंडावलेली, जमीन मात्र उबदार असते. पानांची वाढ मंद राहून मुळे व फुटवे वाढतात. १०० चौरस मीटरला अर्धा किलो नत्र, म्हणजे साधारण १.१ किलो युरिया, एका वेळी पुरे. नंतर पाणी द्यावे. कापलेले गवत जागेवरच ठेवल्यास नत्राची गरज आणखी घटते. स्फुरद मात्र माती परीक्षणाशिवाय देऊ नये. तलावांत शेवाळ माजते म्हणून २००५ पासून तिथे राज्यभर त्यावर कायदेशीर निर्बंध आहेत.

उशिरा दिलेल्या नत्राने लुसलुशीत झालेल्या, उंच राहिलेल्या गवतावर बर्फाखाली बुरशी वाढते. वाढ थांबेपर्यंत कापणी सुरू ठेवावी, पडलेली पाने काढावीत. वसंतात चट्टे दिसल्यास फवारणीचा उपयोग नसतो. हलक्या हाताने दाताळे फिरवून गवत सुटे करावे.