वेरूळच्या चित्रातले रोम आणि जुन्नरची लेणी

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्यात राहिला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे प्रसिद्ध चित्र त्याचेच. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करून तो १७९५ मध्ये वारला. पुढे १८०३ मध्ये टॉमस डॅनियलने त्या रेखाटनांवरून चोवीस छापचित्रे लंडनमध्ये काढली. माझे म्हणणे असे की या चित्रांतला कातळ वेरूळचा असला तरी मांडणी रोमची आहे. भग्न कमानीवर वाढलेली झुडपे, तिरपा प्रकाश, पायथ्याशी मुंगीएवढी माणसे ही चिन्हे इटलीच्या पिरानेसीने (१७२०-७८) रोमच्या अवशेषांच्या छापचित्रांतून युरोपभर रुजवली होती. साम्राज्य गेले, देव गेले, दगड तेवढे उरले, हा त्यांचा अर्थ तिथल्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावा लागत नसे. तीच मांडणी वेरूळला लावल्यावर इथले देवही गेलेच, असे न लिहिता सांगितले जाते.

यावर कुणी म्हणेल, झुडपे खरोखरच होती, चित्रकाराने ती काढली, त्यात चिन्ह कसले? पण काय पुढे घ्यायचे हे चित्रकारच ठरवतो. त्याच काळात पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने वेरूळ रेखाटले, तेव्हा एका चित्रात आपल्या गुरूसमवेत स्वतःलाही काढले. त्याच्या लेखी लेणे रिकामे नव्हते. जुन्नरभोवतीची लेणी पाहिली की लेणे रिकामे नव्हते हे अधिक पटते. लेण्याद्रीचे सातवे लेणे म्हणजे वीस खोल्यांचा, सभामंडपात एकही खांब नसलेला बौद्ध विहार. आज तो अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे. तुळजा लेण्यांत बारा खांबांच्या गोल चैत्यगृहाशेजारी देवी बसली, मानमोडी डोंगरावर जैन मूर्ती अंबिका म्हणून पुजल्या गेल्या. भिक्षू गेले, पण डोंगर ओस पडला नाही.

दुसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. शेंदूर, रंग आणि नव्या बांधकामाखाली मूळ कोरीवकाम झाकले जाते. वेल्ससारख्याची मापात बसवलेली रेषा ते टिपून ठेवते. म्हणून खांबांची ठेवण आणि कोरीव तपशील यांसाठी ही चित्रे जरूर पाहावीत. पण अठराव्या शतकात लेणी ओसाड होती याचा पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकांत किंवा पर्यटनफलकांवर ती छापली, तर रोमचा शोक आपण आपल्या डोंगरांवर लादतो. तिथे शेजारी गंगारामाचे चित्रही छापले पाहिजे.