शुक्रावरचा ज्वालामुखी: जागा की निजलेला?



सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, किंवा पहाटे पूर्वेला, एक टपोरी पांढरीशुभ्र चांदणी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेलच. आपण तिला शुक्राची चांदणी म्हणतो. पण ती तारा नव्हे, आपला शेजारचा ग्रह आहे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ कि.मी., तर शुक्राची ६०५२ कि.मी. म्हणजे जवळजवळ जुळी भावंडेच! शुक्राचे हे तेज त्याच्या ढगांचे आहे. गंधकाम्लाच्या बारीक थेंबांचे हे ढग ग्रहाभोवती इतके दाट पसरले आहेत की साध्या दुर्बिणीतून त्याची जमीन दिसतच नाही.

आता एक प्रश्न पाहा. शुक्र जर पृथ्वीएवढा आहे, तर त्याच्या पोटात उष्णताही साधारण पृथ्वीइतकीच असली पाहिजे. पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा काही भाग ज्वालामुखींवाटे बाहेर पडतो. मग शुक्रावरही ज्वालामुखी असतील काय? आणि असतील तर ते आज जागे आहेत, की आपल्या सह्याद्रीसारखे केव्हाच थंड झाले आहेत? सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्याला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झाला. त्यावर उभे राहून कोणी म्हणेल, ‘येथे ज्वालामुखी आहेत’, तर ते चूक ठरेल. ‘येथे कधीकाळी लाव्हा वाहत होता’ एवढेच खरे. ‘होता’ आणि ‘आहे’ यांतील हे अंतर लक्षात ठेवा. शुक्राच्या बाबतीत ते ओलांडायला फार वर्षे लागली.

शुक्रावर यान उतरवून पाहावे म्हटले, तर तेथील तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस! शिसे ३२७ अंशांवरच वितळते. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या नव्वदपटीहून अधिक. सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान १ मार्च १९८२ रोजी तेथे उतरले व १२७ मिनिटे काम करून बंद पडले. मात्र तेवढ्या वेळात त्याने खडकाची परीक्षा केली. त्याच्या पाठोपाठ व्हेनेरा १४ नेही केली. खडक निघाला बेसाल्टच्या जातीचा. म्हणजे शुक्रावर लाव्हा वाहिला होता हे नक्की झाले. पण तो केव्हा वाहिला, हे दगड सांगत नव्हता.

जेथे प्रकाश जात नाही तेथे रेडिओतरंग जातात. सेंटिमीटरांत मोजावी लागते एवढी त्यांची तरंगलांबी असल्यामुळे ढगातील सूक्ष्म थेंब त्यांना अडवू शकत नाहीत. या गुणाचा उपयोग करणारे मॅगेलन हे अमेरिकन यान मे १९८९ मध्ये निघाले व ऑगस्ट १९९० मध्ये शुक्राभोवती फिरू लागले. त्याची ३.७ मीटर व्यासाची अँटेना व्हॉयेजर मोहिमेतून शिल्लक राहिलेली होती. (काटकसर ही काही केवळ आमच्या प्रयोगशाळेचीच मिरास नव्हे!) या अँटेनेतून १२.६ सें.मी. लांबीचे तरंग खाली सोडायचे आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपायचा, असे हे काम. यान ३०० कि.मी. उंचीवर असेल, तर तरंगाला खाली जाऊन परत यायला ६०० कि.मी. अंतर पडते. प्रकाशाच्या वेगाने त्याला वेळ लागतो एका सेकंदाचा पाचशेवा भाग.

रडारचे चित्र छायाचित्रासारखे दिसते, पण ते तसे वाचून चालत नाही. पावसाळ्याच्या रात्री मोटारीत पुढे बसला असाल तर आठवा. ओला, गुळगुळीत डांबरी रस्ता दिव्यांच्या उजेडातही काळाभोर दिसतो, कारण आरशावरून जावा तसा प्रकाश पुढे निघून जातो. रस्ता उखडून खडी वर आली असेल, तर तेवढा पट्टा मात्र उजळतो. कारण खडीवरून प्रकाश चहूकडे विखुरतो व त्यातला काही आपल्या डोळ्यांकडे परत येतो. रडारचे अगदी असेच आहे. जमीन गुळगुळीत असेल तर चित्रात काळी, खडबडीत असेल तर पांढरी. लाव्हा थिजतानाही त्याच्या दोन तऱ्हा होतात. एकाची पाठ गुळगुळीत किंवा दोरखंडासारखी पिळाची असते, दुसऱ्याची तुटक्या, टोकदार ढेकळांची. हवाई बेटांवरील लोक पहिल्याला ‘पाहोएहोए’ आणि दुसऱ्याला ‘आआ’ म्हणतात. त्यामुळे वेगवेगळे लाव्हाप्रवाह रडारच्या चित्रात काळ्या-पांढऱ्या जिभांसारखे एकमेकांवर पसरलेले दिसतात.

मॅगेलनने शुक्राचा ९८ टक्के पृष्ठभाग टिपला. लाव्हाची विस्तीर्ण मैदाने, थालीपिठासारखे चपटे व गोल घुमट आणि सुमारे ६८०० कि.मी. लांबीचा एक वळणावळणांचा चर, असे बरेच काही सापडले. हा चर नाईल नदीहूनही किंचित लांब भरतो! शुक्रावरील जागांना स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात आहे. तेथील एका विवराला आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव दिलेले आहे. अपवाद म्हणून ज्या मोजक्या जागा आहेत त्यांतली एक म्हणजे सर्वांत उंच पर्वतराजी, मॅक्सवेल माँटेस. विद्युतचुंबकीय तरंगांचे गणित मांडणाऱ्या मॅक्सवेलचा हा मान मला तरी अगदी योग्य वाटतो.

परंतु ‘होता की आहे’ हा प्रश्न तसाच राहिला. तो सोडवायचा तर एकच जागा दोनदा पाहायला हवी, आणि तशी संधी मॅगेलनला आपोआप मिळत होती. यानाची कक्षा जागच्या जागी राहते आणि तिच्याखाली शुक्र हळूहळू फिरतो. त्याची स्वतःभोवतीची एक फेरी २४३ दिवसांची. यान दर सव्वातीन तासांनी एक प्रदक्षिणा घालून एक पट्टा टिपी. एका फेरीत असे किती पट्टे होतील आणि प्रत्येक किती रुंद असावा लागेल, ते तुम्हीच काढून पाहा. माझे उत्तर सुमारे १८०० पट्टे व २१ कि.मी. असे आले. म्हणजे तीच जागा साधारण आठ महिन्यांनी पुन्हा यानाखाली येणार.

माट मॉन्स हा सुमारे आठ कि.मी. उंचीचा ज्वालामुखी. त्याच्या अंगावरील एक मुख फेब्रुवारी १९९१ च्या चित्रात जवळजवळ गोल दिसते. क्षेत्रफळ सुमारे २.२ चौ. कि.मी., म्हणजे लोणारच्या विवराहून थोडे लहान. (लोणारचे विवर उल्कापाताचे आहे, ज्वालामुखीचे नव्हे; येथे फक्त आकारासाठी घेतले.) ऑक्टोबर १९९१ च्या चित्रात तेच मुख वेडेवाकडे झालेले, सुमारे ४ चौ. कि.मी. पसरलेले आणि काठोकाठ लाव्हाने भरल्यासारखे दिसते.

हे लगेच का कळले नाही, असे आमच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले. प्रश्न रास्त होता. पहिले कारण म्हणजे चित्रांचा प्रचंड साठा. पूर्ण बारकाव्यांसह तो साध्या संगणकावर चाळता येईल अशी सोय अलीकडच्या काळातच झाली. अलास्का विद्यापीठाच्या रॉबर्ट हेरिक यांनी जुनी चित्रे एकेक करून डोळ्यांनी ताडून पाहिली. त्यात सुमारे २०० तास गेल्यावर ही जोडी सापडली.

दुसरे कारण अधिक अवघड होते. मॅगेलनने एका वेळी जमिनीकडे डाव्या बाजूने पाहिले होते आणि दुसऱ्या वेळी उजव्या. एखाद्या किल्ल्याचा सकाळी व संध्याकाळी काढलेला फोटो शेजारी ठेवा. सकाळी उजळलेला कडा संध्याकाळी अंधारात असतो. किल्ला तोच, पण ओळखू येईल की नाही शंकाच! मग मुख खरोखर बदलले, की नुसती बाजू बदलली? या शंकेचे उत्तर दिल्याशिवाय शोध जाहीर करण्यात अर्थ नव्हता. म्हणून स्कॉट हेन्सली यांनी मुखाच्या निरनिराळ्या आकारांची संगणकावर प्रतिरूपे तयार केली आणि प्रत्येकाचे रडारचित्र कसे येईल ते काढून पाहिले. ऑक्टोबरच्या चित्राशी फार थोडी जुळली, आणि मुख बदललेच असावे, असा निष्कर्ष त्यांतून निघाला. भूकंपाने कडा ढासळल्या असतील, असा आक्षेप घेता येतो. परंतु पृथ्वीवर एवढ्या मोठ्या मुखाच्या कडा खचतात तेव्हा जवळपास उद्रेक झालेला असतो. हा शोधनिबंध मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅगेलन तर १९९४ मध्येच शुक्राच्या हवेत शिरून नष्ट झाले होते!

पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, इटलीतील संशोधकांनी १९९० व १९९२ ची चित्रे ताडून आणखी दोन ठिकाणे दाखवली: सिफ मॉन्स या ज्वालामुखीचा उतार आणि नायोबी प्लॅनिशिया हे मैदान. दोन्हीकडे काही जिभा दुसऱ्या चित्रात अधिक उजळ झालेल्या आहेत. त्या उताराच्या दिशेने, अडथळ्यांना वळसा घालून गेलेल्या आहेत. वाहता पदार्थ तसाच जातो. नवा खडक पहिल्या ठिकाणी सुमारे ३० चौ. कि.मी. व दुसऱ्या ठिकाणी सुमारे ४५ चौ. कि.मी. पसरला, असा त्यांचा अंदाज आहे.

आता शुक्राकडे पुन्हा रडार निघणार आहेत. अमेरिकेचे व्हेरिटास व युरोपचे एन्व्हिजन या मोहिमांची निवड २०२१ मध्ये झाली. भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तिच्या यानावरही रडार असणार आहे. ही याने माट मॉन्सवरून जातील, तेव्हा त्यांच्या चित्रांशेजारी मॅगेलनची १९९१ ची ती दोन चित्रे ठेवावी लागतील. मात्र यावेळी दोन चित्रांमधील अंतर आठ महिन्यांचे नसेल, चाळीसएक वर्षांचे असेल.