उतारवयातील क्रोध आणि त्याचा विनियोग

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा क्रोध महाराष्ट्रात त्यांच्या विद्वत्तेइतकाच प्रख्यात होता. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढणारे आणि जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवण करणारे हे गृहस्थ, १९१० मध्ये पुण्यात स्वतःच स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाशी मतभेद होताच त्यातून बाहेर पडले, आणि आयुष्याच्या अखेरीस खानदेशात धुळ्यास येऊन राहिले. साठी उलटून गेल्यावर, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, तेथेच त्यांचे देहावसान झाले. दुखावलेली माणसे उतारवयात बहुधा झालेल्या अपमानांची उजळणी करीत बसतात. राजवाड्यांनी मराठी क्रियापदांची मुळे उकरण्याचे काम सोडले नाही, आणि त्यांच्या मागे धुळ्यात उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळाने त्यांचा 'मराठी धातुकोश' १९३७ मध्ये प्रसिद्ध केला.

क्रोध शमल्यावर नव्हे, तो जागा असतानाच त्याला काम नेमून द्यावे, आणि उतारवयात तर ते अधिक तातडीने द्यावे, असे मला वाटते. कारण या वयात शरीराला क्रोधाची किंमत जास्त मोजावी लागते. वार्धक्यात माणूस एरवी रागावतो कमीच. आयुष्य थोडे उरले या जाणिवेने तो निरर्थक कलह टाळतो, असे स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचे प्रतिपादन आहे. परंतु एकदा नाडी व रक्तदाब चढले की ते पूर्वपदावर येण्यास वृद्ध देहाला अधिक वेळ लागतो, याकडे सुझन चार्ल्स यांनी लक्ष वेधले आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात २८० निरोगी व्यक्तींपैकी काहींना केवळ ८ मिनिटे एखादा संतापजनक प्रसंग आठवण्यास सांगितले, तर त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणक्षमता ४० मिनिटांपर्यंत मंदावलेली आढळली. मॉन्ट्रियलमध्ये ५९ ते ९३ वर्षांच्या २२६ ज्येष्ठांच्या पाहणीत, ऐंशी उलटलेल्यांपैकी जे वारंवार रागावत त्यांच्या रक्तात दाहाची लक्षणे अधिक होती; दुःखाच्या बाबतीत मात्र तसा संबंध दिसला नाही.

मग क्रोध समूळ त्यागावा काय? टेक्सासच्या हेदर लेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की संतप्त माणसे अवघड कोडी इतरांपेक्षा अधिक चिकाटीने सोडवतात. सोप्या कोड्यांत तो लाभ दिसला नाही. अडथळा खरा असेल तेथेच क्रोध उपयोगी पडतो, हा त्याचा आशय मला फार मोलाचा वाटतो. आदळआपट करून मन मोकळे होते, ही समजूत मात्र सोडावी. ब्रॅड बुशमन व सोफी क्यार्विक यांनी १५४ अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा क्रोध ओकून टाकल्याने तो घटत नाही, तर दीर्घ श्वास, ध्यान आणि स्नायुशिथिलन अशा देह शांत करणाऱ्या उपायांनीच घटतो, असे निष्पन्न झाले. अगोदर शांत स्वभावाचा वृद्ध अलीकडे एकाएकी चिडू लागला असेल, तर त्यास तऱ्हेवाईक म्हणण्यापूर्वी वेदना, निद्रानाश, मंदावलेली श्रवणशक्ती, औषधांचे दुष्परिणाम आणि स्मृतिभ्रंशाची सुरुवात यांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

आता जामनेरची गोष्ट घ्या. कपाशी आणि केळीच्या या तालुक्यात, फेरफाराची नोंद अडकली म्हणून, किंवा जमीन नावावर होताच मुलाने ताट वेगळे केले म्हणून, एखादा आबा पारावर बसून दिवसभर संताप व्यक्त करतो, आणि घरी येऊन त्याच गोष्टी आजीला पुन्हा सांगतो. त्याच्या रक्तवाहिन्यांना त्या प्रत्येक आवर्तनाचा भार सोसावा लागतो, आणि कचेरीत मात्र एक कागदही हलत नाही. तोच संताप दोन श्वास थांबून अर्जात उतरला, तारखा व दाखले जोडून दाखल झाला आणि त्याची पोच हातात पडली, तर प्रयोगातील अवघड कोड्यासारखी खरी अडचण त्याच्यासमोर उभी राहते. मुलांनी सांभाळले नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक अधिनियमान्वये साठ वर्षांवरील माणसाला प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्याची मागणी करता येते, आणि नोटीस बजावल्यापासून सर्वसाधारणपणे ९० दिवसांत त्या अर्जाचा निकाल लागावा असे कायदा सांगतो. लेखणी चालत नसेल तर नातवाला सांगून लिहून घ्यावे. मजकूर मात्र आबांनी स्वतः, क्रमवार, सांगावा.