खलील की जलील

रजिस्टरच्या त्या ओळीत कसरीने नेमकं एक टिंब खाल्लं होतं. उर्दूत टिंब वर दिलं की ‘खलील’, खाली पोटात दिलं की ‘जलील’. बाकी अक्षरं तीच. आम्हाला हवे होते जलील, माझ्या मित्राच्या आजोबांचे थोरले भाऊ. मित्राने पान खिडकीकडे तिरकं धरलं, मी मोबाइलचा उजेड खालून पाडला. भोक अक्षराच्या वरही होतं आणि खालीही. मास्तर म्हणाले, “आरामात बघा, पण पान उलटताना कोपऱ्याला धरू नका, हातात येतं.”

मालेगावातल्या एका जुन्या उर्दू शाळेचं हे जनरल रजिस्टर. मित्राच्या मुलीला जातवैधता काढायची होती. मोमीन, अन्सारी, जुलाहा हे विणकर आपल्याकडे इतर मागासवर्गात येतात, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख पाठ असावी लागते. त्या दिवशी किंवा त्याआधी घराणं महाराष्ट्रात होतं आणि त्याची जात हीच होती, हे वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या कागदावरून दिसलं पाहिजे. वडील नसतील तर आजोबा, आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांचे भाऊ. मित्राचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. थोरले भाऊ थोडे दिवस गेले होते, असं घरात बोललं जायचं. त्या ‘थोडे दिवस’च्या मागे आम्ही लागलो होतो.

मी का, तर मला मोडी वाचता येते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरं उघडली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्याला अचानक भाव आला. कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी वाचून द्या, असं म्हणत लोक मालेगावातल्या संगमेश्वर भागात माझ्या घरी येतात. मोडीचं एक बरं असतं, अर्थ लागेना तर वेलांटीच्या वळणावरून अंदाज करता येतो. उर्दूची अडचण निराळी. तिथे सगळा कारभार टिंबांवर, आणि कसरीला नेमकी शाईच गोड लागत असावी.

माझ्या स्वतःच्या घराण्याचं सांगायचं तर मला काही खपावंच लागलं नाही. नाशिकला रामकुंडावर उपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी आतून लांबट चोपडी आणली, पानं चाळली आणि पणजोबांची मोडीतली सही माझ्यापुढे धरली. कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, कुणाच्या अस्थी आणल्या होत्या, सगळं त्यात. मित्र सोबत होता. चहा पिताना तो एवढंच म्हणाला, “तुमचं काम तासाभरात झालं यार.”

त्याचे पूर्वज पूरबकडचे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० मध्ये मोसम नदीकाठी किल्ला बांधायला घेतला, तेव्हाच उत्तरेकडचे कारागीर इथे आले होते. मागवाल्यांची मोठी लाट आली ती १८५७ च्या बंडानंतर. बनारस, मऊ, आझमगढ, अलाहाबाद या पट्ट्यात इंग्रजांनी धरपकड केली, मग १८६२ च्या सुमाराचा दुष्काळ. त्यातच अमेरिकेत यादवी सुरू झाली, इथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे चालला आणि कापसाचे भाव चढले. मागावरच्या माणसाने सूत कुठल्या पैशाने घ्यायचं? माणसं मुंबई-आग्रा रस्त्याला लागली. कुणी बऱ्हाणपूरला थांबलं, कुणी धुळ्याला, कुणी पुढे भिवंडीपर्यंत गेलं. मालेगावात थांबले त्यांनी हातमागावर आपल्याकडच्या बायकांची रंगीत लुगडी विणली. पुढे १९३५ च्या सुमाराला यंत्रमाग आले. माझी आजी जन्मभर जी नऊवारी नेसली, ती पूरबच्या माणसांच्या हातची, हे मला पन्नाशीत कळलं.

ही माणसं नेमकी केव्हा आली हे काढायची आमची एक घरगुती युक्ती आहे. जबलपूरला १८७० च्या मार्चमध्ये दोन्हीकडचे रूळ जोडले गेले आणि अलाहाबादपासून मुंबईपर्यंत सलग गाडी धावू लागली. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं: बाबा बैलगाडीने आले की मनमाडला उतरले? मनमाडहून मालेगाव पस्तीस-चाळीस किलोमीटर. ‘मनमाड’ हा शब्द आला की सालं सत्तरच्या अलीकडे आणायची, ‘पैदल’ आला की बहुधा पलीकडे. शंभर टक्के खात्री कशाचीच नाही, कारण तिकिटाचे पैसे नसणारा गाडी असूनही चालतच येणार. मित्राच्या घरात शब्द आहे ‘पैदल’.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून बोचते. त्याच आझमगढ, गाझीपूर, बस्तीकडून जी माणसं गिरमिटिया म्हणून मॉरिशस, त्रिनिदाद, सुरिनामला गेली, त्यांचा प्रत्येकाचा कागद आहे. नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. सुरिनामच्या चौथ्या-पाचव्या पिढीतला माणूस तो कागद घेऊन थेट आपल्या गावात उतरतो. इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांच्या नातवंडांनाही जहाजाच्या याद्या मिळतात, आणि त्यांच्या मूळ गावच्या नगरपालिकेत १८६६ पासूनच्या जन्मनोंदी. समुद्र ओलांडला की कुणीतरी लिहून घेतं. आग्रा रोडने चालत आलेल्याचं नाव कोण लिहिणार? कब्रस्तानातही शोधायची सोय नाही. मातीच्या कबरी, दगड नाही, काही वर्षांनी त्याच जागी दुसरं माणूस.

तर रजिस्टर. त्यातली काही पानं उर्दूत होती, काही मराठीत. मास्तर बदलला की लिपी बदलायची. मित्र उर्दू वाचत होता, मी मराठी, आणि मधे कुणीतरी मारलेले मोडी शेरे. जातीच्या रकान्यात गंमतच होती. एका मास्तरांनी सरसकट ‘मुसलमान’ लिहून वरच्यासारखं म्हणून खाली चिन्हं ओढत नेली होती, तीन पानं. दुसऱ्याने ‘मोमीन’, तिसऱ्याने ‘मु. जुलाहा’. मित्राच्या वडिलांच्या, १९६७ नंतरच्या दाखल्यावर मोमीन, त्याच्या स्वतःच्या दाखल्यावर अन्सारी. विणकर एकच, पण कुठल्या मास्तराच्या हाताखाली नाव पडलं त्यावर पुढचं सगळं. एका कार्यालयात त्याला याच कारणाने दोन हेलपाटे पडले होते.

खलील-जलीलची ती ओळ ‘मुसलमान’च्या पानावर होती. म्हणजे टिंब सापडलं असतं तरी जात नव्हती. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: कांडी भरणे. सहा-सात वर्षांचं पोर बापाच्या मागासाठी कांड्या भरायला घरी बसवलं होतं. मी रजिस्टर मिटायला निघालो, तर मास्तर म्हणाले, “कांडीवाली पोरं परत यायची. पुढचं वर्ष बघा.”

पुढचं वर्ष म्हणजे आणखी दीडशे नावं. मित्र बोट ठेवून खाली सरकत होता आणि दर पाच-सहा ओळींनी बोटाला थुंकी लावायला तोंडाशी नेऊन मास्तरांकडे बघत मागे घेत होता. पान मराठी झालं तेव्हा पुढचं मी वाचायला घेतलं. बाप तोच, जन्मतारीख तीच, अक्षरीसुद्धा लिहिलेली, नाव ‘आबदुल जलील’, जात ‘मु. जुलाहा’, जन्मस्थान मालेगाव. साल १९३८. मी दोनदा मोठ्याने वाचलं. मित्र काही न बोलता बाहेर जाऊन चहा सांगून आला.

संध्याकाळी उतारा घेऊन त्याच्या घरी गेलो. दादी नव्वदीला टेकलेली, खाटेवर. जलील तिचे थोरले दीर. ती जन्मली मालेगावात, लग्न मालेगावात, तरी पोराला ती ‘लरिका’ म्हणते. सासूकडून आलेला शब्द. सासूकडूनच आलेलं एक गावाचं नाव तिच्याकडे आहे, कोपागंज. त्या घरातलं कुणीही तिथे गेलेलं नाही. पूर्वी ते आझमगढमध्ये होतं, १९८८ पासून मऊ जिल्ह्यात. मित्राने नकाशात शोधून तिला दाखवलं होतं.

त्याने कागद तिच्या हातात दिला आणि ओळ न् ओळ समजावून सांगितली. ती कागद उलटसुलट बघत राहिली.

“कोपागंज लिखेला है क्या इसमें?”

“नहीं दादी. मालेगाव लिखेला है. वही चाहिए था.”

त्याचं खरंच होतं. फायलीला मालेगावच हवं होतं. त्यासाठी चार महिने खपलो होतो. दादीने कागद खाली ठेवला नाही. पणतीला हाक मारून पेन्सिल मागवली, कागद उलटा केला आणि बोटाने जागा दाखवली. मुलीने उर्दूत लिहिलं: कोपागंज. दादीने टिंबं नीट पडली का, ते डोळ्यांजवळ धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. फायलीला लावायला उताऱ्याची दुसरी प्रत काढायला तो पुन्हा शाळेत चालला होता.