जुन्या भिंतीला नवा शेजार

बऱ्याच शाळांना जुन्या इमारतीला लागून नव्या खोल्या बांधाव्या लागतात. काही वर्षांनी दोहोंच्या सांध्यावर उभी भेग दिसते आणि आपण गवंड्याला दोष देतो. खरे कारण पुष्कळदा जमिनीत असते. जुन्या इमारतीखालची माती तिच्या वजनाने आधीच दबून बसलेली असते. नव्या इमारतीखालची माती आता दबू लागते. दोन्ही भिंती एकमेकींत घट्ट गुंतवल्या, तर खचणारी भिंत स्थिर भिंतीला ओढते आणि तडा जातो. शिवाय उष्णतेने होणारे प्रसरण आहेच. काँक्रीटची ३० मीटर लांबी ३० अंश सेल्सिअसने तापली, तर ती सुमारे १ सेंटिमीटर वाढते. म्हणून दोन इमारतींत मुद्दाम फट ठेवून ती लवचीक पदार्थाने भरतात.

सांधा असा जमवता येतो. पण नव्या इमारतीने जुनीची नक्कल करावी, की वेगळे दिसावे?

अमेरिकेतील न्यू हेवन येथील येल विद्यापीठापुढे १९५१ साली हा प्रश्न आला. तेथील कलासंग्रहालयाच्या १९२८ सालच्या दगडी, कमानदार इमारतीचा विस्तार करायचा होता. काम लुई कान यांच्याकडे आले. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या इमारती पुढे ज्यांनी रचल्या, तेच हे वास्तुशिल्पी. त्यांनी कमानी उचलल्या नाहीत. रस्त्याकडची भिंत साध्या विटांची, खिडक्यांविना ठेवली आणि तिच्यावर दगडाचे बारीक आडवे पट्टे बसवले. हे पट्टे आतल्या मजल्यांची पातळी दाखवतात. आतले काँक्रीटचे छत चतुष्फलकांच्या जाळीचे आहे. त्याच्या पोकळ्यांतून हवेचे नळ आणि दिवे नेल्यामुळे खाली खोटे छत लागले नाही.

१९५३ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत एक उणीव मात्र राहिली. तिच्या काचेच्या भिंतींना स्टीलच्या चौकटी होत्या. स्टील उष्णतेचे सुवाहक. हिवाळ्यात बाहेरची थंडी चौकटीतून आत पोचे. २१ अंश तापमानाची आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा सुमारे १० अंशांपर्यंत निवली, की तिच्यातले बाष्प पाणी होऊन साचू लागते. चित्रे जपायच्या जागी असे पाणी परवडत नाही. चौकटींना प्रसरणासाठी पुरेशी मोकळीकही नव्हती. अखेर २००६ साली पूर्ण झालेल्या दुरुस्तीत या काचभिंती बदलल्या. नव्या चौकटींत आतला आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये उष्णतारोधक पदार्थ घातला. रूप मात्र कान यांनी योजलेलेच राखले. एके काळची ‘नवी’ इमारत आता स्वतःच जपण्याजोगी झाली होती!

आपल्या शाळेतही असा सांधा असेल, तर विद्यार्थ्यांना भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवायला सांगावे आणि तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली, तर भेग अजून हलते आहे असे समजावे. ती नुसती लिंपून टाकण्याआधी जाणकाराला दाखवणे बरे.