दुखणे पाळीचे, अडथळा आतड्याचा

पोट फुगून टणक झालेले, उलट्या थांबत नाहीत, शौचाला होत नाही, वाराही सरत नाही. आतड्यात अडथळा आहे, हे सर्जनला ओळखायला वेळ लागत नाही. कारणेही बहुधा ठरलेली: आधीच्या ऑपरेशननंतर आतडी चिकटणे, हर्निया, कर्करोग, आणि आपल्याकडे आतड्याचा टीबी. रुग्ण तिशी-पस्तिशीची बाई असेल, तर आणखी एक कारण मनात यायला हवे. सहसा ते येत नाही. ते म्हणजे एंडोमेट्रिओसिस.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे पोटात उतरते आणि त्यातल्या पेशी तिथे मूळ धरतात, असे जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२७ मध्ये मांडले. असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत होतो, आजार मात्र काहींनाच होतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती, आनुवंशिकता यांचाही हात त्यात असावा.

यातल्या काही जणींच्या आतड्यावर हे रोपण होते, बहुतेकदा गुदाशय आणि त्याच्या लगतच्या सिग्मॉइड भागावर. अपेंडिक्स आणि लहान आतड्याचे शेवटचे टोकही सुटत नाही. पेशी बाहेरच्या आवरणावर रुजतात आणि तिथून स्नायूच्या थरात शिरतात. हॉर्मोन्सच्या चढउताराबरोबर तिथे सूज येते, रक्त झिरपते, व्रण धरतो. वर्षानुवर्षे हे चालले की भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते, कधी आतडे ओढले जाऊन दुमडते. पूर्ण अडथळा मात्र क्वचितच. आतड्याचा एंडोमेट्रिओसिस असलेल्यांतही १ टक्क्याहून कमी जणींत.

निदान फसते ते इथेच. कोलोनोस्कोपीची दुर्बीण आतून पाहते आणि आजार बाहेरून आत आलेला असतो. आतले अस्तर बहुधा शाबूत, त्यामुळे बायोप्सीतही काही सापडत नाही. सीटी स्कॅनवर अरुंद झालेला भाग कर्करोगासारखा दिसतो. सर्जन तो कापून काढतात आणि उत्तर मिळते सूक्ष्मदर्शकाखाली: आतड्याच्या स्नायूंमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ग्रंथी, आणि जुन्या रक्तातले लोह गिळून तपकिरी झालेल्या पेशी.

आधी कळावे यासाठी एक साधा प्रश्न पुरेसा ठरू शकतो: हा त्रास पाळीच्या दिवसांत वाढतो का? पाळीत शौचाला जाताना कळ येणे, पोट फुगणे, कधी शौचातून रक्त जाणे, या खुणा मोलाच्या आहेत. पुढे आतडे कायमचे आकसले की त्रास महिनाभर राहतो आणि पाळीशी असलेला धागा हरवतो. म्हणून सुरुवातीचे दिवसही आठवून सांगायला हवेत. वेळीच शंका आली, तर या आजाराचा सराव असलेल्या डॉक्टरांकडून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून गाठ शोधता येते. हॉर्मोनच्या गोळ्यांनी दुखणे आवरते, पण घट्ट झालेला व्रण त्यांनी सुटत नाही. अडथळा आल्यावर बहुधा ऑपरेशनच लागते.

‘पाळीत दुखायचंच, मूल झालं की थांबेल,’ असे घरात मुलींना अजूनही सांगितले जाते. ते थांबवा. दुखणे दर महिन्याला शाळा-नोकरी बुडवत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या, आणि पाळीबरोबर पोटाचे काय होते, तेही न लाजता सांगा.